लिनक्सच्या जुन्या कॉम्प्युटरवर आवाज येत नाही, व्हिडिओ अडकतो? लॅमिंग्टन रोडला परत नेण्याआधी हे तपासा

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ च्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळपास नाहीतच. त्यामुळे चांगले चालते कॉम्प्युटर ऑफिसातून बाहेर पडतायत आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला विकायला येतायत. रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजार ओळखला जातो तो १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावानेच. लालबाग, परळ, गिरगावात राहणारा आपला चाकरमानी तिथून एक डबा उचलतो आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला येताना गावी घेऊन येतो. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकलेलं असतं, कारण ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं.

गावात आल्यावर डबा चालू होतो, इंटरनेट लागतं, पोराचा अभ्यास होतो. पण गाणं लावलं तर आवाज नाही, नाहीतर व्हिडिओ अडकत अडकत चालतो. मग कोणीतरी सांगतं, लिनक्सवर हे चालतच नाही, पैसे भरून विंडोज टाका. नाहीतर डबा पुन्हा मुंबईला जातो. दोन्हीत पैसा आणि दिवस जातात आणि बऱ्याच वेळा दोन्हीची गरज नसते.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट अडकलेली आहे. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावातल्या कोकणी माणसांनी तिथे नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे किती प्रयोग केले त्याला मोजदाद नाही. ते नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. त्या काळच्या प्रयोगांच्या व्हीसीडी, डीव्हीडी, कॅमेऱ्यातल्या फायली आजही वाडीवाडीत कपाटात पडून आहेत. त्या लागत नाहीत म्हणून टाकून दिल्या तर पुन्हा कुठून आणणार? म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. फोनवर हे पान उघडं ठेवा आणि कॉम्प्युटरसमोर बसून एकेक बघत चला. मेनूतली नावं मिंटप्रमाणे दिली आहेत. उबंटूत शब्द थोडे वेगळे, गोष्ट तीच.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

पंप चालू झाला नाही तर आपण आधी मोटार खोलत नाही, लाईट आहे का, फ्यूज आहे का ते बघतो. इथेही तसंच. मेनूत जाऊन साउंड सेटिंग उघडा. तिथे आवाज तपासायचं बटण असतं, ते दाबलं की डावा-उजवा स्पीकर असा आवाज येतो. तो आवाज आला आणि फक्त यूट्यूब किंवा फक्त एक फाईल गप्प असेल, तर साउंड कार्ड ठीक आहे, दोष त्या ब्राउझरमध्ये किंवा फायलीत आहे. चाचणीचाच आवाज आला नाही, तर पुढचा भाग वाचा. एवढ्या एका तपासणीने अर्धी धावपळ वाचते.

आवाज चुकीच्या दारातून जातोय

सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं. एका कॉम्प्युटरला आवाजाची दोन-तीन दारं असतात. मागची हिरवी पिन, पुढची हेडफोनची पिन, आणि एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. मॉनिटर त्या केबलने जोडला की लिनक्सला वाटतं आवाजही तिकडेच हवा आहे. मॉनिटरला स्पीकरच नसतो, मग आवाज जातो तो जातोच. मशीन बिघडलेलं नसतं, वायरिंग ठीक असतं, फक्त पाणी दुसऱ्याच पाटाने जातंय.

साउंड सेटिंगमध्ये आउटपुटची यादी असते. त्यात एचडीएमआय लिहिलेलं निवडलेलं असेल तर ते सोडून ‘ॲनालॉग’, ‘लाइन आउट’ किंवा ‘हेडफोन्स’ असं लिहिलेलं निवडा आणि पुन्हा चाचणी करा. यादीत ॲनालॉग दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचं छोटं ॲप घ्या. त्यात शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर प्रत्येक साउंड कार्डाचा प्रोफाइल बदलता येतो. तिथे कार्ड ‘ऑफ’ वर असेल तर ‘ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ करा. नवीन मिंट आणि उबंटूत आतली आवाजाची यंत्रणा पल्सऑडिओ नसून पाइपवायर आहे, उबंटूत २२.१० पासून आणि मिंटमध्ये २२ पासून. तरीही हे ॲप तसंच चालतं, नाव बघून गोंधळू नका.

गणपतीत किंवा सप्त्यात प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी ही गोष्ट पाठच करावी. लालबागच्या राजाचं थेट दर्शन यूट्यूबवर असतं आणि बऱ्याच गावात ते पडद्यावर लावतात. चित्र एचडीएमआयने प्रोजेक्टरला आणि आवाज हिरव्या पिनेतून ॲम्प्लिफायरला न्यायचा असेल, तर प्रोजेक्टर जोडून झाल्यावर आउटपुट हाताने ॲनालॉगवर आणावं लागतं. केबल काढून पुन्हा लावली की ते कधीकधी परत एचडीएमआयवर उडी मारतं. आरतीच्या वेळी घाई नको म्हणून आदल्या रात्री एकदा पूर्ण जोडून बघा.

आतला मिक्सर

दार बरोबर आहे तरी आवाज नाही, किंवा अगदी बारीक आहे. मग टर्मिनल उघडा, काळी खिडकी येईल, घाबरायचं काही नाही. त्यात एक शब्द टाइप करायचा, अल्सामिक्सर. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक, सगळी लहान लिपीत: ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर. एंटर दाबलं की उभ्या पट्ट्या दिसतात. एफ-६ दाबून साउंड कार्ड निवडा. पट्टीखाली एम-एम असं दोनदा लिहिलेलं असेल तर ती बंद आहे. बाणाने त्या पट्टीवर जाऊन कीबोर्डवरचं एम दाबलं की ती उघडते आणि तिथे दोन शून्यं दिसतात. मास्टर, हेडफोन, स्पीकर, फ्रंट, पीसीएम या पट्ट्या उघड्या आणि वर असायला हव्यात. उजवीकडे टोकाला ‘ऑटो-म्यूट मोड’ असतो. हेडफोनच्या पिनेत धूळ किंवा गंज असला तर कॉम्प्युटरला कायम हेडफोन लावल्यासारखा वाटतो आणि तो स्पीकर बंद ठेवतो. खारी हवा आणि चार महिने पाऊस असलेल्या आपल्या भागात हे होतंच. ऑटो-म्यूट बंद करून बघा. बाहेर पडायला एस्केप दाबायचं.

आउटपुटच्या यादीत ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसत असेल तर लिनक्सला साउंड कार्ड सापडलेलंच नाही. आधी पूर्ण बंद करून मुख्य स्विच काढा, मिनिटभराने चालू करा. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ सोय बंद करा. त्या सोयीमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि साउंड कार्ड मधल्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. त्यानंतर अपडेट मॅनेजरमधले सगळे अपडेट घ्या. मागच्या चार-पाच वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपला आवाजासाठी वेगळं फर्मवेअर लागतं, ते बहुतेक वेळा अपडेटमधून येतं. जुन्या डेस्कटॉपवर हा प्रश्न नसतो. तिथे बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ बंद केलेला आहे का ते बघा, ऑफिसच्या मशीनला पुष्कळदा तो मुद्दाम बंद केलेला असतो.

ब्लूटूथ स्पीकरचा आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला तर माइक चालू झालाय समजा. साउंड सेटिंगमध्ये त्या स्पीकरचा प्रोफाइल ‘हेडसेट’ वरून ‘ए-टू-डी-पी’ वर न्या.

फाईलच उघडत नाही

फाईल दाबली की ‘कोडेक नाही’ असं येतं. कोडेक म्हणजे चित्र-आवाज दाबून लहान करण्याची आणि परत उलगडण्याची रीत. यातल्या काही रीतींवर पेटंट आहेत, म्हणून लिनक्सवाले त्या सुरुवातीलाच देत नाहीत, तुम्ही मागितल्या की देतात. एमपी-थ्रीचंही एकेकाळी तसंच होतं, त्याच्या पेटंटचा विषय २०१७ मध्ये संपला. मिंटमध्ये मेनूत ‘साउंड अँड व्हिडिओ’ खाली ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ आहे, ते एकदा दाबा. उबंटूत ‘उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचं पॅकेज आहे. फेडोरा असेल तर ‘आरपीएम फ्यूजन’ हे भांडार जोडावं लागतं, पण घरच्या वापराला मी म्हणेन मिंटच बरं.

यासाठी इंटरनेट लागतं. वाय-फाय नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स ते लगेच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

सोबत व्हीएलसी घ्याच. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम आहे आणि बहुतेक कोडेक ते स्वतःबरोबर घेऊनच येतं. २०२२ मध्ये त्याची वेबसाइट भारतात काही महिने बंद होती, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. तेव्हा पुष्कळांनी भलत्याच साइटवरून व्हीएलसी उतरवून घेतलं. लिनक्सवर तो धोका कमी, कारण ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून येतं. कुठल्याही साइटवर जायची गरज नाही, जाऊही नका.

व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ओपस नावाच्या रीतीत असतात, ते लिनक्सवर आरामात लागतात. त्रास देतात ते फोनने काढलेले व्हिडिओ. आयफोन आणि बरेच अँड्रॉइड फोन जागा वाचवायला एचईव्हीसी म्हणजे एच-२६५ रीत वापरतात. जुन्या मशीनवर तो व्हिडिओ एकतर उघडत नाही, नाहीतर स्लाइड शोसारखा चालतो. पुढच्या वेळेपासून फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आयफोनला ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा, अँड्रॉइडला ‘हाय एफिशिअन्सी व्हिडिओ’ बंद करा. आधीच काढलेले व्हिडिओ ‘हँडब्रेक’ ॲपने एच-२६४ मध्ये बदलता येतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. मूळ फाईल मात्र पुसू नका.

नमनाची व्हीसीडी

आता कपाटातल्या डिस्कबद्दल. व्हीसीडी ड्राइव्हमध्ये टाकली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाईल दिसते. ती कॉपी करायला गेलं की लिनक्स ‘इनपुट-आउटपुट एरर’ देतं. माणूस म्हणतो डिस्क गेली, आणि ती कचऱ्यात जाते. पुष्कळदा डिस्क चांगली असते. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट माहिती असते आणि बाकी जागा चूक दुरुस्तीला ठेवलेली असते. व्हीसीडीत चित्र जास्त मावावं म्हणून ती दुरुस्तीची जागाही चित्रालाच दिलेली आहे. विंडोज हा फरक सांभाळून घेतं, लिनक्सचा फाईल मॅनेजर २०४८ चाच हिशोब धरतो आणि अडकतो.

म्हणून डॅट फाईल कॉपी करायची नाही. व्हीएलसीत ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन डिस्क’ घ्या, तिथे ‘एसव्हीसीडी/व्हीसीडी’ निवडा आणि प्ले दाबा. ती नीट लागली की कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. त्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘केथ्रीबी’ आणि ‘व्हीसीडीइमेजर’ ही दोन्ही घ्या. केथ्रीबीत डिस्क निवडली की व्हिडिओ सीडी उतरवायचा पर्याय येतो. शेवटी एमपीजी फाईल मिळते, ती व्हीएलसीत कुठेही लागते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. तो डिस्कचा दोष नाही आणि कुठलंही ॲप त्यात नसलेली बारकी घालू शकत नाही.

जुन्या रेकॉर्डिंगला आवाज एकाच बाजूने येतो. मृदंग डावीकडे, उजवीकडे शांतता. कॅमेऱ्याला एकच माइक लावलेला असला की असं होतं. व्हीएलसीत ‘ऑडिओ’ मेनूत ‘स्टिरिओ मोड’ मध्ये ‘लेफ्ट’ निवडलं की तोच आवाज दोन्ही कानात येतो. ओठ आणि आवाज पुढेमागे असतील तर चालू व्हिडिओत कीबोर्डवरचं जे आणि के दाबा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद मागेपुढे सरकतो. कॅमेऱ्याच्या टेपवरून किंवा डीव्हीडीवरून आलेल्या चित्रात हात हलला की कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करा, रेघा जातात. लग्नाच्या, कार्यक्रमाच्या घरगुती डीव्हीडी थेट लागतात. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असतं, तिला उबंटू-मिंटवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ लागतं.

डिस्कवर चरे असतील तर सुती कापड घेऊन मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. एका ड्राइव्हने वाचलं नाही तर दुसऱ्यात बघा. ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये खूप फरक असतो, आणि लॅमिंग्टन रोडला यूएसबीवर चालणारे बाहेरचे ड्राइव्हही मिळतात.

यूट्यूब अडकतं

नेट चांगलं आहे, फोनवर तोच व्हिडिओ सुरळीत चालतो, कॉम्प्युटरवर मात्र थांबत थांबत चालतो आणि पंखा जोरात फिरतो. यूट्यूब हल्ली व्हीपी-९ आणि एव्ही-१ या रीतींनी व्हिडिओ पाठवतं. जुन्या इंटेल चिपमध्ये एच-२६४ उलगडायची स्वतंत्र यंत्रणा आहे, पण व्हीपी-९ साठी ती सातव्या पिढीपासून आणि एव्ही-१ साठी अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनला ते सगळं काम मुख्य प्रोसेसरला हाताने करावं लागतं.

फायरफॉक्समध्ये ‘एन्हान्स्ड एच-२६४-इफाय’ नावाचं एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबला सांगतं की मला एच-२६४ मध्येच दे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनवर याने मोठा फरक पडतो. सोबत दर्जा ४८० किंवा ७२० वर ठेवा, पंधरा-सतरा इंची मॉनिटरवर त्याहून जास्त दिसतही नाही. फायरफॉक्स जुनं असेल तर अपडेट करा, इंटेलच्या चिपवर हार्डवेअरची मदत घेणं ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. मशीनमध्ये एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असेल तर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’ मध्ये जाऊन त्यात शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा.

पैसे भरून बघायच्या ॲपचे सिनेमे लागत नसतील तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘डीआरएम’ चालू करा. तरी लिनक्सवर त्यांचा सर्वात वरचा दर्जा मिळेलच असं नाही. हे त्या कंपन्यांनी ठरवलेलं असतं, इथे बसून काही करता येत नाही.

प्रत्येक वेळी त्याच सेकंदाला अडकत असेल तर

एखादी फाईल दर वेळी अगदी त्याच जागी थांबत असेल आणि डब्यातून टकटक असा आवाज येत असेल, तर विषय लिनक्सचा नाही, हार्ड डिस्कचा आहे. जुन्या मशीनमध्ये डिस्कही तितकीच जुनी असते. मेनूत ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे, त्यात ‘स्मार्ट डेटा’ उघडा. ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ समोर शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर आजच सगळं दुसरीकडे कॉपी करा. ती फाईल पुन्हा पुन्हा चालवून बघू नका, मरत्या डिस्कला तेवढाच ताण.

मुंबईहून डबा आणणाऱ्याला हा लेख आधीच पाठवून ठेवा. मिंट टाकलेला पेनड्राइव्ह आणि साधा हेडफोन घेऊन दुकानात जायचं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं, आत काही टाकावं लागत नाही. पुढची पिन, मागची पिन, एचडीएमआय, वाय-फाय, डिस्क्समधला स्मार्ट डेटा, आणि एक व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर पाच मिनिटं. हे सगळं पैसे देण्याआधी, काउंटरवरच. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारच्या आत गेलेलं बरं.